पुयो पुयो, भाग दुसरा

टेट्रिस आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेला असतो. 'पुयो पुयो' हा त्याचा जपानी चुलतभाऊ म्हणा. इथे वरून रंगीत थेंब जोडीजोडीने पडतात. एकाच रंगाचे 4 थेंब चिकटले की नाहीसे होतात, वरचे खाली घसरतात, त्यातून पुन्हा 4 जुळले तर तेही जातात... अशी साखळी लागली की समोरच्या खेळाडूच्या डोक्यावर बिनरंगी गोटे पडतात.

हिरोशिमाच्या कंपाइल कंपनीने पहिला भाग 1991 साली काढला. त्यात एक गोची होती. समोरच्याने मोठी साखळी लावली की संपलं! गोटे येताना दिसतात, पण ते अडवता येत नाहीत. जो आधी मारेल त्याचं राज्य.

1994 च्या दुसऱ्या भागात नियम बदलला. गोटे पडायच्या आत तुमचीही साखळी लागली तर तेवढे गोटे वजा. तुमची मोठी निघाली तर उरलेले उलट त्याच्यावर. आणि एका वेळी 30 पेक्षा जास्त गोटे पडणार नाहीत. बस, एवढंच. पण हरत आलेल्या माणसाला उत्तर देता येऊ लागलं.

मला हे सगळं पुतण्याने शिकवलं. 2019 मध्ये जगभर आलेल्या 'पुयो पुयो चॅम्पियन्स'मध्ये हे दुसऱ्या भागाचे नियम निवडता येतात. तो म्हणाला, "काका, खाली आधीच साखळी रचून ठेवा. गोटे दिसल्यावर रचायला वेळ नसते."

ते ऐकलं आणि मला त्याच्या बापाची शेती आठवली. दादा दारव्ह्याकडे कपाशी करतो. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय केलं हे इथे कोणालाही विचारा. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. जिच्यापासून वाचायला महागाचं बीटी बियाणं घेतलं तीच अळी! सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, सगळे गोटे वर लटकलेले दिसत होते. दादाने कपाशीत तुरीच्या ओळी टाकल्या होत्या, आमच्या आजोबांपासूनची पद्धत. तुरीचा हमीभाव 5450 रुपये क्विंटल, बाजारात त्याहून कमी. तरी दादा म्हणाला, "सारं नाही फिटलं, पण दुकानदाराचं तं फिटलं."

म्हणजे साखळी रचलेली होती. ते दादाच्या हातात होतं, त्याने केलं. पण ती 30 ची मर्यादा? ती कुठून आणायची? शेतकऱ्याच्या डोक्यावर एका वर्षी किती गोटे पडावेत याला कुठलीच मर्यादा नाही. अळी, पाऊस, भाव, सगळं एकाच हंगामात.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) कंपाइल कंपनी 1998 मध्ये स्वतःच कर्जात बुडाली आणि पुयो पुयोचे हक्क सेगाकडे गेले. नियम मात्र टिकला, आजही लोक त्याच नियमाने खेळतात.

शेतकऱ्याने धीर धरावा, जोडधंदा करावा, असं सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. चुकीचं सांगतात असं नाही. पण त्या खेळवाल्यांनी हरणाऱ्याला धीर धरा म्हणून सांगितलं नाही. त्यांनी नियम बदलला.