दारूभोवतीचे बांध

पिऊन आलेल्या माणसाला बायको, आई, डॉक्टर आणि नाकाबंदीवरचा हवालदार एकच प्रश्न विचारतात, ‘किती घेतली?’ उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, ‘दोनच.’ करोनाच्या काळात मला हा प्रश्न अपुरा वाटू लागला. किती, हे शेवटी ठरतं. त्याआधी कुठे, किती वाजता आणि कुणासोबत हे ठरलेलं असतं, आणि ही तीन उत्तरं बदलली की पेल्यातलं मापही बदलतं. एरवी ही गोष्ट पडताळायला कुणी अख्ख्या देशाच्या बसायच्या जागा बंद करून पाहिल्या नसत्या. २०२० साली त्या आयत्याच बंद झाल्या.

आपल्याकडे मध्यमवर्गात पिणं ही मुख्यतः पुरुषांची आणि घराबाहेरची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातले पंधरा वर्षांवरचे सुमारे १९ टक्के पुरुष आणि जेमतेम १ टक्का बायका दारू घेत असल्याची नोंद आहे. घरात न पिणारेच जास्त, म्हणून पिणाऱ्याला बाहेर जागा शोधावी लागते. ती जागा म्हणजे परमिट रूम. ‘बसायचं’ म्हटलं की आधी चौघांच्या सवडी जुळवायच्या. मग खारे शेंगदाणे, काकडी, मसाला पापड. बिल वाटून घ्यायचं असल्याने कोण कितवा पेग मागवतोय यावर सगळ्यांची नजर. रात्री उशिरा वेटर ‘लास्ट ऑर्डर’ विचारून जातो. परतताना पोलिसांची धास्ती, दारातून आत शिरताना तोंडात बडीशेप. शिवाय वार असतात. कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी, कुणाचा अख्खा श्रावण कोरडा. (गटारीला त्याची आगाऊ वसुली होते, तो भाग वेगळा.) यातलं काहीच मनोनिग्रहात मोडत नाही. शेताला असावेत तसे हे पिण्याला घातलेले बांध होते. पाणी त्यांच्या आत राहत होतं आणि श्रेय मात्र आपण आपल्या संयमाला देत होतो.

मार्चच्या अखेरीस दुकानं आणि परमिट रूम एकदमच बंद झाले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की एकाच टेबलावर बसणारे सगळे एकाच कारणासाठी पीत नव्हते. आमच्या चौघांच्या टोळक्याने एका शनिवारी मोबाइलवर बैठक मांडली. एकाकडे बाटलीच्या तळाशी थोडी व्हिस्की शिल्लक होती, एकाने कोकम सरबत घेतलं होतं, तिसऱ्याने चहा. चौथ्याची आई मागून येऊन चष्मा सावरत पडद्यात डोकावली आणि ‘जेवलात का रे सगळे?’ म्हणून गेली. तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली. मोठ्याने हसायला कुणी धजेना, कारण प्रत्येकाच्या पाठीमागे त्याचं घर बसलेलं होतं. चाळीस मिनिटांनी फुकटातलं झूम आपोआप बंद पडलं आणि कुणीच पुन्हा जोडलं नाही. आमच्यातल्या दोघांची दारू तिथेच सुटल्यात जमा झाली. त्यांना दारू हवी होती असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. त्यांना आम्ही हवे होतो.

ज्यांच्या शरीरालाच ती लागायची, त्यांची गोष्ट निराळी. रोजची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात, कुणाला झटके येतात. त्यात जीवही जाऊ शकतो. केरळात टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्या, तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. पुढे दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिलमध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. ज्या बाटलीने आपण बाहेरून आलेल्या दुधाच्या पिशव्या पुसत होतो, ती त्यांनी तोंडाला लावली. अशा माणसाला आपण ‘व्यसनी’ म्हणून मोकळे होतो. त्याला त्या आठवड्यात दुकानाइतकीच दवाखान्याची गरज होती, आणि दवाखाने करोनाने भरले होते.

४ मे २०२० रोजी दुकानं उघडली. पुण्यात आमच्या कोपऱ्यावरच्या वाइन शॉपपुढे खडूने गोल आखले होते. उन्हामुळे काहींनी आपापल्या गोलात पिशवी, चप्पल, हेल्मेट ठेवून सावली गाठली होती. त्या रांगेत एक नवी गोष्ट दिसली. एरवी वाइन शॉपवर माणूस इकडेतिकडे पाहून झटकन काउंटरला जातो आणि कागदात गुंडाळलेली बाटली बगलेत मारून पसार होतो. आता प्रत्येकाच्या तोंडावर मास्क होता. ओळखीचं कुणी पाहील ही भीती, जी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्षानुवर्षं फुकटात राखली होती, ती वीतभर कापडाने घालवली. उघड्यावर तासभर उभं राहायला कुणालाच काही वाटेना.

सरकारलाही घाई होतीच. महाराष्ट्राला दारूवरच्या उत्पादन शुल्कातून वर्षाला पंधरा हजार कोटींच्या आसपास रुपये मिळत, आणि बाकी सगळे झरे आटले होते. राज ठाकरे यांनी एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून महसुलासाठी वाइन शॉप उघडायला सुचवलं होतं. दिल्लीने छापील किमतीवर ७० टक्के ‘विशेष करोना शुल्क’ लावलं, तरी तिथल्या रांगा काही ओसरल्या नाहीत. गर्दी पाहून मुंबईतली दुकानं दोन दिवसांत पुन्हा बंद झाली आणि मेच्या मध्यावर राज्याने घरपोच विक्रीला परवानगी दिली. त्यासाठी परवाना लागेल असं कळल्यावर १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात प्यायलाच परवाना लागतो, याचा शोध अनेकांना पन्नाशीत लागला. एक दिवसाचा देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच, आणि हजार रुपयांत आयुष्यभराचा. परवाना मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी! साथीच्या काळात तो वाचताना हसावं की गंभीर व्हावं हे कळत नव्हतं.

परमिट रूम उघडायला मात्र ५ ऑक्टोबर उजाडला. म्हणजे मे ते ऑक्टोबर असे पाच महिने बाटली मिळत होती आणि बसायची जागा बंद होती. माझ्या मते खरा बदल झाला तो या पाच महिन्यांत. बाटली घरात आली आणि बांध बाहेरच राहिले. घरात लास्ट ऑर्डर नाही, वाटून घ्यायचं बिल नाही, गाडी चालवायची नाही, सकाळी आठची लोकल गाठायची नाही. चौघांत ठेवलेल्या बाटलीला चौघांचा हिशेब असतो. एकट्याच्या कपाटातल्या बाटलीला कुणाचाच नसतो. माझाही पेला आठावरून साडेसहावर आला. लॅपटॉप मिटल्याची खूण म्हणून तो भरला जायचा, कारण कचेरी सुटल्याची दुसरी खूणच उरली नव्हती. पूर्वी ते काम रिक्षा, सिग्नल आणि जिना करत.

हे झालं वेगळी खोली असलेल्यांचं. दहा बाय बाराच्या खोलीत जे झालं ते आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं. जूनमध्ये कामावर परतल्या तेव्हा मी सहज विचारलं, घरी कसं काय होतं? हातातलं पातेलं न थांबवता म्हणाल्या, ‘दादा, दुकान बंद होतं तवर माणूस घरात असून घर शांत होतं. आता दुकान उघडलं, आणि काम नाही म्हणून माणूसपण घरातच. आधी पिऊन आला की झोपायचा. आता पितो तेच पोरांसमोर.’ त्या वर्षी राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या, ही बातमी वाचताना मला त्यांचं ते न थांबलेलं पातेलं आठवलं. गुत्त्यावरच्या दारूला निदान घर आणि गुत्ता यांच्यातलं अंतर आडवं येत होतं.

ब्रिटनमध्ये हाच प्रयोग जास्त लख्ख झाला. तिथे २० मार्चला पब बंद झाले, पण दारूची दुकानं अत्यावश्यक सेवेत गेली. घरी नेलेली दारू वाढली. नीट पाहिल्यावर दिसलं की थोडी पिणाऱ्यांची कमी झाली आणि आधीच भरपूर पिणाऱ्यांची आणखी वाढली. दारूमुळेच होणारे मृत्यू २०१९मध्ये ७,५६५ होते, ते २०२०मध्ये ८,९७४ झाले. पब उघडले, मास्क गेले, साथ ओसरली, तरी २०२३चा आकडा १०,४७३ होता. फुटलेला बांध आपोआप बांधला जात नाही, हे यातून दिसतं.

मग सरसकट बंदी घालावी का? दक्षिण आफ्रिकेने २०२०मध्ये टाळेबंदीसोबतच दारूविक्री थांबवली आणि मारामाऱ्या-अपघातांचे रुग्ण घटून इस्पितळातल्या खाटा मोकळ्या झाल्या. त्याच वेळी लोक घरात अननस आंबवू लागले. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५पासून दारूबंदी होती. बेकायदा दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण देत मंत्रिमंडळाने ती २७ मे २०२१ला, म्हणजे ऐन दुसऱ्या लाटेत, उठवली. बंदीचा उपयोग होतो, पण मुंबईहून आखलेला बांध गावातल्या माणसांनी राखला तरच टिकतो. गडचिरोलीत १९९३पासूनच्या बंदीमागे गावोगावच्या बायका उभ्या राहिल्या, म्हणून तिथे ती निदान लढवता तरी येते.

या सगळ्याची दुसरी बाजू मला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांनी दाखवली. शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये ठरल्या वेळी जमायचं, चहा घ्यायचा, आपली गोष्ट सांगायची, दुसऱ्याची ऐकायची. टाळेबंदीत या सभाही फोनवर गेल्या. न पिण्यालाही ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि ठरलेली माणसं लागतात! दारू सोडणारे हे पहिल्या दिवसापासून जाणतात आणि आपल्या इच्छाशक्तीवर फारसा विश्वास टाकत नाहीत. आम्ही ‘कंट्रोलमध्ये’ पिणारेच तेवढे तिच्या भरवशावर निर्धास्त असतो.

म्हणून आता कुणी ‘दोनच घेतो’ म्हणालं की मी पुढचं विचारतो. कुठे बसतोस? कितीला सुरू करतोस? समोर कोण असतं? ‘घरी, साडेसहाला, कुणी नाही’ असं उत्तर आलं तर त्या दोनचे चार कधी होतील हे त्यालाही कळणार नाही. त्याला संयमाचं व्याख्यान देण्यापेक्षा शनिवारी जेवायला बोलवावं, आणि साडेदहाला बाटली आपणच उचलून आत ठेवावी.