जागा पाहावी शोधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्यापैकी कुणाला मुंबईत भाड्याची जागा शोधावी लागली नसावी. नाही तर या म्हणीला तिसरे शेपूट जोडल्यावाचून ते राहिले नसते. मी लग्न करून पाहिले आहे. घर बांधण्याचा योग आमच्या पत्रिकेत नव्हता. जागा मात्र शोधली, आणि तीही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईसाठी. त्या वणवणीची ही हकीकत.

आमचे बिऱ्हाड गिरगावात. ठाकुरद्वारच्या नाक्यावरून हाक मारली तर ऐकू यावी इतक्या अंतरावर चाळ, दुसरा मजला, दोन खोल्या आणि पुढे साऱ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांबलचक गॅलरी. १९५७ साली आई लग्न होऊन या गॅलरीत आली. खोल्यांत आली असे मी म्हणत नाही, कारण तिचे आयुष्य खोल्यांपेक्षा गॅलरीतच अधिक गेले. भाजी निवडायची तिथे, वाळवण राखायचे तिथे, आणि बाबा कचेरीतून येताना दिसले की चहाचे आधण ठेवायला उठायचे तेही तिथूनच.

या गॅलरीच्या कठड्याला एक दोरी बांधलेली असे. वीस हात लांब, सुती, आणि टोकाला वेताची परडी. खालून भाजीवाली ओरडली की आई वरूनच भाव करी, परडीत पैसे घालून खाली सोडी आणि मेथीची जुडी, लिंबे, कधी फुलांची पुडी वर ओढून घेई. दहा वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. लाकडी जिन्याच्या त्या उभ्या पायऱ्या उतरणे तिला वर्षातून चार वेळाही जमेना. तेव्हापासून आईचे खाली जाणे म्हणजे दोरीचे खाली जाणे.

चाळकऱ्याला भाडे विचारू नये, असा एक शिष्टाचार आहे. विचारलेच तर सांगतो : दोन खोल्यांचे आमचे भाडे विजेच्या बिलापेक्षा कमी होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले, आणि पुढची पन्नासएक वर्षे ते जवळजवळ तिथेच थिजून राहिले. १९९९ च्या कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली खरी, पण मूठभर रुपयांचे चार टक्के ते किती? भाडेकरूंना भाडे परवडे, मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि या दोघांच्या मध्ये चाळ बिचारी वाकत गेली. खाली टेकू लागले, वर ताडपत्री आली. अखेर २०२२ च्या उन्हाळ्यात ती पाडून तिथे मनोरा बांधायचे ठरले.

अशा जुन्या इमारतीतल्या भाडेकरूला नव्या इमारतीत निदान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. हा शब्द मला फार आवडला. रात्री सर्वांच्या चटया पसरल्यावर आमच्या घरात पाऊल ठेवायला जागा उरत नसे. म्हणजे आमचे सारेच क्षेत्र चटईचे होते! प्रश्न होता तो मधल्या तीन वर्षांचा. तोवर बिल्डर दरमहा भाडे देणार होता आणि जागा आम्ही शोधायची होती.

मी एक पोलादी टेप विकत आणली. ती पाहून आईने विचारले,

“हिनं काय मोजणार तू?”

“खोल्या.”

“खोल्या असतात तेवढ्याच असतात. ही दोरी घेऊन जा. खाली पोचते का तेवढं बघ.”

“अगं आई, आता सगळीकडे लिफ्ट असते.”

“लिफ्टनं भाजीवाली वर येते का?”

मी हसून विषय सोडून दिला. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र कठड्याची दोरी सोडली आणि गुंडाळी करून पिशवीत टाकली. अशा रीतीने मी टेप आणि ती दोरी अशी आमची जोडी जागा शोधायला निघाली.

पहिले दादर. गिरगावकराला गिरगाव सोडायचेच असेल तर दादरला जाण्यात कमीपणा वाटत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, दाट वस्तीच्या वाड्यांतून माणसे पटापट मेली, तेव्हा कुठे शहराला हवा-उजेड हवा हे सरकारला उमगले. १८९८ साली सुधार मंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याच्याच योजनेतून दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते व हवेशीर वसाहती उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांतून चालताना झाडांच्या सावल्यांनीच माझे अर्धे मत बनले. जागा जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर होती. सौ.ने विचारले, “गॅलरी कुठे आहे?” एजंटने अभिमानाने हॉलच्या टोकाशी नेले. “ही बघा, आत घेतलीय.” गॅलरीला काचा बसवल्या होत्या, काचांबाहेर लोखंडी जाळी होती. सौ.ने जाळीच्या भोकात बोट घालून पाहिले. “दोरी जाईल,” ती म्हणाली, “परडी जायची नाही.” भाड्याचा आकडा ऐकल्यावर परडी नसती तरी आम्ही गेलोच असतो.

मग पार्ले. पार्ल्याचे नाव घेतले की माझ्या पिढीला पहिल्यांदा आठवतो तो वास. १९२९ साली सुरू झालेला तिथला बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला. पण त्याआधी गाडी स्टेशनात शिरली की भाजत्या बिस्किटांचा गोड वास डब्यात शिरे आणि डोळे मिटून बसलेल्यालाही पार्ले आल्याचे कळे. मी सवयीने खोल श्वास घेतला. वास नव्हता, पण १९२३ साली स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघाचे पार्ले ते, मराठी पाट्या आणि मराठी बोलणे अजून कानाडोळ्यांना भेटत होते.

जागा नवव्या मजल्यावर होती आणि वाचकहो, मला ती मनापासून आवडली. छतात दडवलेले दिवे होते. ओट्याखालचे कप्पे बोट लावताच आवाज न करता सरकत होते. माझी टेप भिंतीमागून भिंत मोजत सुटली. बिल्डरच्या भाड्यात पेन्शनमधली थोडी भर घातली असती की जमत होते. मी इसार द्यायच्या बेतात होतो. सौ. खिडकीपाशी उभी राहून खाली पाहत होती. तिने पिशवी उघडलीसुद्धा नाही.

“फेरीवाले येतात का हो आत?” तिने विचारले.

“छे, काकू. वॉचमन फाटकावरच अडवतो. इथं सगळं मोबाइलवरून मागवायचं.”

परतीच्या गाडीत मी तिला मोठ्या उत्साहाने चौरस फूट सांगत होतो. ती म्हणाली,

“आई बसतील कुठं?”

“हॉलमध्ये. चांगली हवेशीर जागा आहे.”

“आणि बघतील काय?”

“टीव्ही आहे की.”

ती यावर काही बोलली नाही. पंचेचाळीस मिनिटे पुरेल असे ते न बोलणे होते.

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो आणि मला २०२० ची टाळेबंदी आठवली. दोन महिन्यांत आम्ही सारे कावून गेलो होतो. मी येरझारा घाली, सौ. भांडी आपटी, मुलगी फोनवर रडे. तेव्हा मजल्यावरच्या निम्म्या बिऱ्हाडांचे दूध आणि भाजी आईच्या दोरीने वर येत होती. तीच एकटी जशीच्या तशी होती. आमच्यावर कोंडून राहण्याची पाळी दोन महिन्यांपुरती आली. आई तर त्याआधीच आठ वर्षे कोंडलेली होती, आणि आम्हांपैकी कुणालाच ते कधी जाणवले नव्हते. तिने ते जाणवू दिले नव्हते. ती खाली जात नव्हती, पण खालचे जग दिवसातून दहा वेळा तिच्याकडे मान वर करून बोलत होते. तिला नवव्या मजल्यावरच्या सोफ्यावर बसवणे म्हणजे काय, ते मला चर्चगेटकडे धावणाऱ्या त्या गाडीत कळले. इसाराचे पैसे खिशातच राहिले.

शेवटी डोंबिवली. गिरगावकराच्या भूगोलात दादरच्या पलीकडे थेट पुणे लागते. मधले सारे रेल्वेच्या वेळापत्रकापुरते. बोरीबंदरापासून १८५३ साली पहिली गाडी ठाण्यापर्यंत धावली, तिथवर माझी हरकत नव्हती. पण डोंबिवली म्हणजे ४८ किलोमीटर! सौ.ची एक मैत्रीण तिथे राहते. तिनेच ही जागा सुचवली होती, म्हणून मी मान खाली घालून गेलो.

स्टेशनातून बाहेर पडून फडके रोडला लागलो. दोन्ही बाजूंना दुकाने, पुस्तके, फरसाण, साड्या, आणि मधून माणसांची अखंड रीघ. रस्त्याच्या टोकाला गणेश मंदिर. जागा रस्त्यावरच्याच एका जुन्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. रंग उडाला होता. माझ्या टेपेने ४१० चौरस फूट दाखवले. आणि हॉलचे दार उघडताच समोर गॅलरी आली : चांगली अडीच हात रुंद, उघडी, लोखंडी गजांच्या कठड्याची.

सौ.ने पिशवीतून दोरी काढली. भाड्याची बोलणी होण्याआधीच गिऱ्हाइकाने दोरी काढलेली पाहून एजंट दोन पावले मागे सरला. तिने टोकाला कापडी पिशवी बांधली, तीत दहाची नोट घातली आणि दोरी सोडली. दोरी खाली गेली, आणखी खाली गेली आणि फुले विकणाऱ्या एका बाईंच्या टोपलीशी जाऊन थांबली. बाईंनी वर पाहिले. जसे काही हे रोजचेच.

“काय देऊ?”

“दुर्वा द्या!” सौ. ओरडली. दुर्वांची जुडी आणि वर एक जास्वंद असे वर आले. दोरी हातभर उरली होती.

मी टेप खिशात टाकली आणि त्याच दिवशी अकरा महिन्यांच्या कराराचे बोलून टाकले.

करारात एक अट होती : भिंतीला खिळा ठोकायचा नाही. पासष्ट वर्षांचा संसार खिळ्यावाचून मांडायचा म्हणजे काय, ते भाडेकरूंनाच ठाऊक. बाबांची तसबीर फडताळावर भिंतीला टेकून बसली. आई म्हणते, आता ते पूर्वीपेक्षा आरामात दिसतात. देव्हाऱ्याला कोनाडा नव्हता, म्हणून आजीची शिसवी पेटी उपडी घालून तिच्यावर देव बसवले. आईच्या दोन विरलेल्या इरकली लुगड्यांचे सौ.ने पडदे शिवले. दुपारच्या उन्हात त्यांचा काठ जमिनीवर उमटतो आणि रंग उडालेली ती खोली तासभर माहेरवाशिणीसारखी नटते. चार पितळी डबे घासून ओट्यावर मांडले. सजावट म्हणतात ती एवढीच, आणि तिला पैसे पडले ते दोरा व चिंच यांचे.

आईला आम्ही खुर्चीत बसवून वर नेले. ती खोल्या पाहायला थांबली नाही. गॅलरीत गेली, कठड्यावर हात ठेवला आणि पंधरा मिनिटे काही न बोलता खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “दोरी बांध.”

आठवड्याभरात फुलवाली तिला आजी म्हणू लागली. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेचा आईला भारी अभिमान. तशी यात्रा १९९९ साली प्रथम डोंबिवलीत निघाली, असे फुलवालीने खालून सांगितले, तेव्हा दोन दिवस दोरी खाली गेली नाही. तिसऱ्या दिवशी शेवंती हवी होती म्हणून तह झाला.

आणि मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नाने उरकून आम्ही फराळाला बसतो न बसतो, तोच खालून गलका ऐकू येऊ लागला. दिवाळीच्या सकाळी डोंबिवलीची सारी तरुण मंडळी नवे कपडे घालून फडके रोडवर एकमेकांना भेटायला येतात, हे मी ऐकून होतो. पण पाहिले नव्हते. रस्ता दिसेनासा झाला होता. दिसत होत्या त्या नऊवाऱ्या, झब्बे, गजरे, आणि वर्षभराने भेटणाऱ्यांच्या मिठ्या. आमचा कामट्यांचा आकाशकंदील आईच्या दोरीनेच कठड्याला टांगला होता. त्याच्याखाली आई बसली होती. खालून कुणी मुलीने वर पाहिले आणि ओरडली, “आजी, शुभ दीपावली!” आईने हात केला. मग दुसरीने, मग दहा-बारा जणांनी. तिला ओळखणारे त्यांत कुणी नव्हते. तासभर ती हात करीत होती. मी चहा नेऊन दिला तो तसाच निवून गेला.

ही गोष्ट २०२२ ची. तीन वर्षांची मुदत उलटली आहे आणि करार पुन्हा पुन्हा वाढत गेला आहे. गिरगावातला मनोरा आता पुरा होत आला. परवा मी बघून आलो. आमची जागा चौदाव्या मजल्यावर आहे. पांढऱ्या फरशा, पूर्वेचा उजेड, आणि ओट्याखाली आवाज न करता सरकणारे कप्पे. घरी येऊन मी आईला सारे वर्णन करून सांगितले. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. वाटाणे सोलता सोलता ऐकत होती.

“दिसतं काय तिथून?” तिने विचारले.

“हॉलच्या खिडकीतून कोपऱ्यात समुद्र दिसतो, आई. चौपाटीचा.”

“दोरी किती लागेल?”

“शंभर हात तरी लागेल.”

तिने उरलेल्या शेंगा सोलल्या, साली एकीकडे केल्या, आणि खाली फुलवालीने हाक मारली म्हणून उठता उठता म्हणाली,

“समुद्राला काय, हात करता येतो होय?”

आम्ही ताबा अजून घेतलेला नाही.