जिथं पाय चालत नाहीत, तरी माणसं धावतात!

दोस्तांनो, सहलीला निघायचं म्हणजे डबा, पाण्याची बाटली आणि खिडकीजवळची जागा हवीच. आजच्या सहलीला यातलं काहीच लागणार नाही. आज आपण ज्या मुलखात जाणार आहोत तो नकाशात सापडत नाही, पण तिथं रोज जगभरातली लक्षावधी मुलं भटकत असतात. त्याचं नाव रोब्लॉक्स.

आई-बाबांसाठी थोडं सांगतो. रोब्लॉक्स हा एक खेळ नाही, खेळांची बाजारपेठ आहे म्हणा ना! कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ गावी हिचं मुख्य कार्यालय. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल या दोघांनी २००४ साली हिची उभारणी सुरू केली आणि २००६ मध्ये ती सर्वांना खुली झाली. त्याआधी बझुकींनी १९८९ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी पदार्थविज्ञानाचे प्रयोग संगणकावर करून बघण्याचा एक प्रोग्राम काढला होता. मुलं त्यात गंभीरपणे लंबक आणि पुली मांडायची सोडून गाड्या आपटायची, घरं कोसळवायची! त्या दंग्यातूनच पुढची कल्पना निघाली. इथले खेळ कंपनी करत नाही, खेळणारेच करतात. आणि अशा प्रत्येक जगाला तिथल्या भाषेत म्हणतात ‘प्लेस’, म्हणजे जागा. तेव्हा स्थळदर्शनाच्या पानावर यायचा तिला पूर्ण हक्क आहे, बरं का!

चला, उतरू या. पायाखाली एक मोठी करडी फरशी, वर निळं आकाश, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. नव्या जागेचा हा कोरा पाट. इथं अंतर मीटरमध्ये मोजत नाहीत, ‘स्टड’मध्ये मोजतात. कंपनीनं दिलेल्या मापानं एक स्टड म्हणजे २८ सेंटीमीटर, आपल्या शाळेच्या पट्टीहून थोडा कमीच. एका फरशीची बाजू जास्तीत जास्त २०४८ स्टड होऊ शकते. कडेवरून खाली डोकावू नका! तोल गेला तर पडतच राहाल, आणि शून्याखाली ५०० स्टडवर गेलात की तिथला नियम तुम्हाला पुसून टाकतो. घाबरायचं कारण नाही. काही क्षणांत तुम्ही पुन्हा फरशीवर उभे असता, नवं कोरं शरीर घेऊन.

आता चालून बघा. संगणकावर डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं. मोबाइलवर असाल तर अंगठ्याखाली एक गोल उमटतो, तो हवा तिकडे ढकलायचा. वेग सेकंदाला १६ स्टड. हिशेब केलात तर तो ताशी सोळा किलोमीटर भरतो. म्हणजे इथं ‘चालणं’ म्हणतात ते आपलं चांगलं पळणंच झालं! सर्वांत मोठी फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला १२८ सेकंद लागतात.

उडी तर याहून मजेदार. उडी मारताना शरीर वर फेकलं जातं ते सेकंदाला ५० स्टड या वेगानं, म्हणजे १४ मीटर. आपल्या पृथ्वीवर कुणी या वेगानं उडालं तर दहा मीटर वर जाईल, तीन मजली इमारतीच्या गच्चीवर! इथं मात्र माणूस साडेसहा स्टडही चढत नाही, दोन मीटरच्या आतच परत खाली. का बरं? कारण इथलं गुरुत्वाकर्षण भलतंच दांडगं आहे: १९६.२. आपल्या ९.८१ ला वीसनं गुणा, हाच आकडा येतो. पण २८ सेंटीमीटरच्या स्टडनं मोजलं तर ही ओढ आपल्या जमिनीच्या साडेपाच पट भरते. एवढी कशाला, असं वाटेल. उत्तर सोपं आहे. ओढ कमी केली तर उडी फुग्यासारखी तरंगते, आणि खेळणाऱ्याला वाटतं की आपण दाबलं खरं, पण हा गडी ऐकतच नाही. खरं गुरुत्वाकर्षण आणि बोटाला खरं वाटणारं गुरुत्वाकर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जरा गड्याच्या पायांकडे बघा. डावा, उजवा, डावा, उजवा... छान पडतायत ना? पण हे पाय चालतच नाहीत! पंधरा तुकड्यांच्या त्या शरीराच्या मध्यभागी एक अदृश्य ठोकळा असतो. खरा प्रवास करतो तो. शरीराचा सगळा कारभार ‘ह्युमनॉइड’ नावाच्या कारभाऱ्याकडे. तो त्या ठोकळ्याला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर धरून ठेवतो आणि सांगितलेल्या दिशेला सरकवतो. पायांची हालचाल ही नुसती वरची सजावट. एक वेगळी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला लिहून दिलेला हुकूमनामा, बघत असते की गडी चाललाय का, पळतोय का, पडतोय का. आणि त्याप्रमाणे हातपाय हलवते. ती स्क्रिप्ट काढून टाका. गडी ताठ पायांनी, कॅरमच्या सोंगटीसारखा गुळगुळीत सरकत जातो आणि वेळेवर पोचतोसुद्धा. एकदा पाहिलंत तर हसू आवरणार नाही.

बरं, ‘पुढे’ म्हणजे कुठे? कवायतीचे सर आपल्याकडे तोंड करून ‘उजवा हात वर’ म्हणतात आणि स्वतःचा वर करतात, तेव्हा निम्मा वर्ग गोंधळतो ना? इथंही तोच घोळ. डब्ल्यू दाबलं की गडी त्याच्या नाकासमोर जात नाही. तो जातो तुमच्या नाकासमोर, म्हणजे कॅमेरा बघतोय त्या दिशेला. कॅमेरा फिरवला की ‘पुढे’ही फिरतं. नेहमीच्या खेळात हे इतकं अलगद होतं की लक्षातही येत नाही. पण एखादा हौशी मुलगा कॅमेरा छतावर टांगतो किंवा बाजूला रोवतो, आणि मग खेळणारे भिंतींवर धडकायला लागतात. कॅमेऱ्याला हात लावायचा तर चालण्याचाही विचार करावा लागतो, दोन्ही एकाच दोरीला बांधलेली.

हे हुकूमनामे लिहितात ती भाषा ब्राझीलमधून आली आहे. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात ‘लुआ’ ही संगणकभाषा तयार झाली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. तिच्या आधीच्या एका भाषेचं नाव होतं ‘सोल’, म्हणजे सूर्य! रोब्लॉक्समध्ये चालते ती तिचीच सुधारलेली बहीण, ‘लुआऊ’. वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहायची, पण व्याकरण अगदी थोडं. ह्युमनॉइड, टिंब, वॉकस्पीड, बरोबरचं चिन्ह, २४. झालं! गडी दीडपट वेगानं पळाला.

पळण्याचं बटण करायचं तर मात्र दोन हुकूम लागतात: ‘शिफ्ट दाबलं की २४’ आणि ‘शिफ्ट सोडलं की १६’. दुसरा लिहायचा राहिला की गडी जन्मभर पळतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्या बहुतेकांचा पळतोच! आणि मोबाइलवर खेळणाऱ्याचं काय? त्याच्याकडे शिफ्टचं बटणच नाही. आपल्याकडच्या किती घरांत संगणक आहे आणि किती घरांत नुसता फोन, ते तुम्हीच बघा. खेळ बांधणाऱ्यानं एक जास्तीची ओळ लिहिली की फोनच्या पडद्यावर पळण्याचं बटण उमटतं. ती ओळ नसली तर फोनवाल्यांनी शर्यतीत हरायचंच ठरलेलं.

आणखी एक फसगत. मघाशी तुम्ही कडेवरून पडलात आणि नवं शरीर मिळालं, आठवतंय? तुमची स्क्रिप्ट जुन्या शरीरालाच धरून बसली असेल तर ती त्या नाहीशा झालेल्या माणसाला ‘पळ, पळ’ म्हणत राहते, आणि नवा गडी शांत उभा! म्हणून हुकूमनामा कुठल्या कप्प्यात ठेवायचा याला महत्त्व आहे. एका कप्प्यातला कागद खेळाडू आत येताना एकदाच वाचला जातो, दुसऱ्यातल्या कागदाची प्रत प्रत्येक नव्या शरीराबरोबर मिळते.

आता या मुलखातल्या सर्वांत अवघड जागी जाऊ. समजा, अडथळ्यांची शर्यत आहे. कोल्हापूरची एक मुलगी, लंडनचा एक मुलगा आणि आणखी दहाजण पळतायत. हा सगळा खेळ चालवणारा मोठा संगणक, सर्व्हर, कुठल्यातरी दूर शहरात. मग कोल्हापूरची मुलगी या क्षणी नेमकी कुठे आहे, हे ठरवायचं कोणी? सर्व्हरनं ठरवायचं म्हटलं तर बटण दाबल्याचा निरोप तिथवर जाणार, उत्तर परत येणार, मग पाऊल पडणार. चालणं चिखलात रुतल्यासारखं होईल. म्हणून नेहमीच्या व्यवस्थेत प्रत्येकाचा गडी त्याच्याच यंत्रावर चालतो. यंत्र सर्व्हरला कळवतं, ‘मी आता इथं आहे’, आणि सर्व्हर बाकीच्यांना सांगतो.

म्हणजे सर्व्हर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो! आणि विश्वास आला की लबाडी आलीच. कुणी आपल्या यंत्रात खटपट करून वेग २०० केला तर? सर्व्हरला नुसतं कळतं, ‘मी शेवटच्या रेषेवर आहे’. पूर्वी तर याहून वाईट होतं. काही जुन्या जागांत एकानं आपल्या यंत्रावर भिंत पाडली की सगळ्यांचीच पडायची. २०१८ मध्ये ती पद्धत पूर्ण बंद झाली, पण स्वतःच्या शरीराची सवलत तेवढी राहिली.

मग खेळ बांधणारा पहारेकरी बसवतो. सर्व्हरवरची एक स्क्रिप्ट दर सेकंदाला बघते: मघाशी कुठे होतास, आता कुठे आहेस? वेग १६ आणि अंतर ६० स्टड? परत मागे जा! अंतर मोजायचं ते आडवं, कारण कड्यावरून पडणारा गडी वेगानंच खाली येतो आणि त्यात त्याचा काय दोष? गाडीत बसलेल्यालाही वगळायचं.

पण कोल्हापूरच्या आपल्या मुलीकडे पाऊस सुरू झाला आणि नेटवर्क अडखळलं. दोन सेकंद तिचे निरोप पोचलेच नाहीत, मग सगळे एकदम पोचले. सर्व्हरला दिसलं की ही एका क्षणात तीस-चाळीस स्टड पुढे आली. लबाड! तिला मागे ओढलं. ती प्रामाणिकपणे पळत होती. पहारेकरी कडक ठेवला तर खराब रेंजवाली मुलं मार खातात, सैल सोडला तर लबाड जिंकतात. माझं विचाराल तर पट्टी थोडी सैल ठेवावी, एका चुकीला सोडावं, आणि लागोपाठ तीन-चारदा तसंच दिसलं तरच मागे ओढावं. एखादा लबाड सुटेल, सुटू दे. प्रत्येक बांधणाऱ्याला हा आकडा स्वतःच बसवावा लागतो, तो कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

जाता जाता प्रवासाच्या सूचना. खेळायला फोन चालतो, पण जागा बांधायचं साधन, स्टुडिओ, फक्त विंडोज किंवा मॅक संगणकावर चालतं. ते फुकट आहे. घरी संगणक नसेल तर शाळेच्या संगणककक्षात बाईंना विचारून बघा. खातं आई-बाबांना बरोबर बसवून उघडा. अनोळखी माणसांशी गप्पा आणि तिथल्या नाण्यांची खरेदी या दोन्ही दारांच्या किल्ल्या त्यांच्याकडेच राहू द्या.

आणि संगणक मिळेपर्यंत एक गणित. वर जायचा वेग ५०, ओढ १९६.२. गडी पाव सेकंद चढतो, पाव सेकंद उतरतो. अर्ध्या सेकंदात सोळाच्या वेगानं आठ स्टड पुढे जातो. म्हणजे खंदक आठ स्टडांहून थोडा अरुंद हवा. ओढ चंद्रासारखी, म्हणजे सहावा भाग, ३२.७ केली की तोच गडी तीन सेकंद हवेत राहतो आणि ४९ स्टड जातो. आता ओढ निम्मी करा, ९८.१. वेग तोच ठेवा. खंदक किती रुंद खणाल? कागद-पेन्सिल घ्या!