झोंबिवलीच्या पुढची स्टेशनं

गेल्या शनिवारी आईबरोबर घरी 'झोंबिवली' परत पाहिला. जानेवारी २०२२ मध्ये थिएटरात पाहून वैतागून बाहेर आलो होतो. म्हटलं, तेव्हा अपेक्षा जरा जास्तच होत्या, आता शांतपणे बघू. फरक शून्य :-)

अपेक्षा का, तर आम्ही अंबरनाथकर. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर की आम्ही आलोच, पुढे बदलापूर. झोंबी डोंबिवलीला डाऊन लोकलमध्ये चढले (चढता आलं तर!) तर अर्ध्या तासात आमच्या जिन्यात.

आदित्य सरपोतदारची मांडणी मस्तच आहे. उंच टॉवर, शेजारी जनता नगरची वस्ती, पाण्याची बोंब. नुकताच राहायला आलेला इंजिनिअर सुधीर (अमेय वाघ), त्याची गरोदर बायको (वैदेही परशुरामी), वस्तीसाठी भांडणारा विश्वास (ललित प्रभाकर). सुरुवातीला वाटतं, अरे, ही तर आपलीच गोष्ट!

मग झोंबी येतात आणि डोंबिवली गायब होते. उरते ती पळापळ आणि मारामारी. जरा भीती वाटायला लागली की कोणीतरी पंच मारतं, हसू येईपर्यंत पुन्हा किंकाळी. 'शॉन ऑफ द डेड' (२००४) मध्ये हीरो सकाळी दुकानात जाऊन येतो आणि रस्त्यावरचे झोंबी त्याला दिसतच नाहीत, कारण एरवीही माणसं तशीच चालत असतात. तिथे हसू आणि भीती एकाच जागेतून येतात. आपल्याकडे तर सकाळच्या फास्ट लोकलचा अख्खा प्लॅटफॉर्म तयार होता!

आणि भीतीचं म्हणाल तर इथे ती शोधावी लागत नाही. २०१४ साली डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. २०१४ च्याच शेवटी उल्हासनगरला वालधुनीत कोणीतरी टँकरभर केमिकल सोडलं आणि वायूने शेकडो लोक दवाखान्यात गेले. त्या रात्री जे खोकत रस्त्यावर आले, त्यांना मेकअप लागला नव्हता. पाण्यापासून सुरू झालेला सिनेमा इथे येऊ शकला असता. पण तो खलनायकाला बडवून मोकळा होतो.

असो. आई अर्ध्यातच झोपली होती. उठली तेव्हा नावं चालली होती.

"मेले का सगळे?"

"मेले."

"बरं झालं. ती खिडकी लाव रे, आज परत वास येतोय."