चैत्रातले दार : कल्याण ते ठाणे

घराच्या पुढल्या भागासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अंगण, पडवी, ओसरी, ओटा, देवडी, पायरी, उंबरठा. यांतील प्रत्येक शब्दाबरोबर बसण्याची एक रीत येते. ओट्यावर शेजारी टेकतो, ओसरीवर पाहुणा बसतो, पडवीत आजोबांची आरामखुर्ची असते आणि उंबरठ्यावर मात्र कोणीही बसायचे नसते. कल्याण, डोंबिवली आणि ठाणे या तीन शहरांतील बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला आता एक दार आणि दारापुढच्या चार-सहा फरश्या एवढेच उरले आहे. वसंताचे स्वागत करायचे ते याच जागेत. ती जागा लोक कशी सजवतात, हे पाहावे म्हणून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापासून अक्षय तृतीयेपर्यंत या तीन शहरांत अधूनमधून भटकंती केली.

पाडव्याची आदली सकाळ कल्याण स्थानकाबाहेर घालवावी. शहापूरकडच्या पहिल्या गाड्यांनी आणि मुरबाडच्या एसटीने आलेल्या पाड्यांवरच्या बायका आंब्याचे टहाळे आणि कडुनिंबाचे डहाळे पुढ्यात मांडून बसलेल्या असतात. शेजारी वेळूच्या काठ्यांच्या मोळ्या आणि साखरेच्या पांढऱ्या-गुलाबी गाठ्यांच्या माळा. बाजार समितीच्या फुलबाजारातून झेंडूची पोती डोक्यावर घेऊन हमाल धावत असतात. या सगळ्या गर्दीत वसंत खरा कशात असेल, तर तो कडुनिंबाच्या तांबूस कोवळ्या पालवीत. ती आठवडाभर आधीही नव्हती आणि पंधरा दिवसांनी अशी कोवळी राहणार नाही. प्लास्टिकच्या तोरणांचे ठेलेही तेथेच असतात. ती तोरणे वर्षभर टिकतात हेच त्यांचे दुखणे आहे. आंब्याचे पान चामड्यासारखे चिवट असते, सुकले तरी कित्येक दिवस दोऱ्यावर टिकते आणि मग आपणच ते उतरवतो. प्लास्टिकचे तोरण कोणी उतरवत नाही. त्यावर धूळ साठते आणि दार उघडताना ती घरातल्या माणसाच्या नाकात जाते.

कल्याणच्या पारनाक्याच्या आणि टिळक चौकाच्या आसपास जुन्या घरांचे काही अवशेष अजून तग धरून आहेत. तेथे एका ओट्यावर एक वृद्ध बाई चैत्रांगण काढीत होत्या. छायाचित्रासाठी परवानगी विचारली, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘‘बाळा, आधी बस. पन्हं घे. फोटो मग काढ.’’ पाडव्यानंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला, गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, माहेरी राहते. तोवर दारात ही रांगोळी. मध्यभागी झोपाळ्यातली गौर, वर सूर्य आणि चंद्र, मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, कलश, फणी-करंडा, आंबा. कोणाकडे पन्नास-एक चिन्हे असतात, कोणाकडे चौसष्ट. घराघरांचा हिशेब वेगळा. आजींचा हिशेब आणखी निराळा होता. ‘‘महिनाभर रोज काढते. हात थांबला की बोटं आखडतात,’’ त्या म्हणाल्या. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून पूड सारख्या धारेने सोडायची, मनगट न हलवता खांद्यातून रेघ वळवायची, ठिपक्यांचा अंदाज डोळ्याने घ्यायचा. बोटांच्या सांध्यांना, नजरेला आणि स्मरणाला एकाच वेळी काम देणारे असे साधन घरात दुसरे शोधून सापडणार नाही.

गुडघ्यांचे मात्र वेगळे आहे. उकिडवे बसून अर्धा तास रांगोळी काढणे साठीनंतर प्रत्येकाला जमेल असे नाही, आणि ते जमलेच पाहिजे असा हट्टही नको. कल्याणच्या या आजींनी त्यावर त्यांच्यापुरता तोडगा काढला होता. ओट्याच्या खालच्या पायरीवर पाय सोडून बसायचे आणि वरच्या पायरीवर रांगोळी काढायची. ज्यांच्या दारी पायरी नाही, त्यांनी खुर्चीवर बसून समोरच्या चौरंगावर किंवा गेरूने रंगवलेल्या फळीवर चैत्रांगण काढावे आणि ती फळी दाराशेजारी ठेवावी. गौर रुसणार नाही.

पुडीविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. बाजारात मिळणारी पांढरी रांगोळी बहुधा शिरगोळ्याची, म्हणजे मऊ दगडाची भुकटी असते. ती बंद खोलीत चाळू नये, मुलांना फुंकर घालू देऊ नये आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर चाळताना नाकातोंडाला रुमाल बांधावा. झाडताना कोरड्या केरसुणीने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. भडक रंगांच्या पुड्यांऐवजी हळद, कुंकू आणि गेरू पुरेसे असतात. तांदळाचे पीठ वापरले तर मुंग्या येतात. पूर्वी त्या याव्यात हाच हेतू असे. आज चौथ्या मजल्यावर त्या येतील तेव्हा शेजारीण काय म्हणेल, हे आपले आपण ठरवावे.

कल्याणहून लोकलने डोंबिवलीला उतरले की दारांचे स्वरूप बदलते. टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर या भागांत जुन्या तीन-चार मजली इमारती अजून आहेत. एका जिन्याला तीन-चार दारे, काही ठिकाणी सामाईक गॅलरी. पाडव्याला पहाटे पाच वाजता या जिन्यांतून चढून पाहावे. प्रत्येक दारापुढे हातभर रांगोळी, वर तोरण, आणि खिडकीच्या गजाला किंवा गॅलरीच्या कठड्याला बांधलेली गुढी. खणाचे किंवा रेशमी वस्त्र, त्यावर कडुनिंबाची डहाळी, गाठी, पालथा तांब्या. सजावटीसाठी एवढी अपुरी जागा, तरी एक दार दुसऱ्यासारखे नसते. साडेसहाच्या सुमारास सगळी दारे कुलपे लावून रिकामी होतात, कारण माणसे फडके रस्त्याकडे निघालेली असतात. नववर्ष स्वागतयात्रेची कल्पना १९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने पहिल्यांदा अमलात आणली. मग ठाण्याने, गिरगावाने आणि कित्येक गावांनी ती उचलली. घराघरांच्या दारातला सण रस्त्यावर आणण्याची ही कल्पना डोंबिवलीलाच सुचावी, याचे मला नवल वाटत नाही. ज्या गावातील माणसे सकाळी अंधारात दार ओढून घेतात आणि रात्री अंधारात उघडतात, त्यांना शेजाऱ्याचे तोंड पाहण्यासाठी एक ठरलेला दिवस लागतो.

२०२० साली तो दिवस हुकला. त्या वर्षीचा पाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस होता. यात्रा नाही, फडके रस्ता ओस. गाठी मिळाल्या नव्हत्या, वस्त्र कपाटातलेच, कडुनिंब इमारतीच्या आवारातल्या झाडाचा. तरी गुढ्या उभ्या राहिल्या. त्या दिवसांनंतर काय झाले, हे या जिन्यांवर आजही लोक सांगतात. समोरच्या दारामागे एकट्या राहणाऱ्या काकांना किराणा कोण आणून देतो, हा प्रश्न विचारायला कोणाला तरी लागले. कोणी दारावर पिशवी अडकवू लागले, कोणी सकाळी रांगोळी दिसली नाही की घंटी वाजवू लागले. एका सत्तरीच्या बाईंनी मला सांगितले, ‘‘माझी रांगोळी म्हणजे माझी हजेरी. ती दिसली नाही तर वरच्या वहिनी खाली येतात.’’ निर्बंध उठून २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला यात्रा पुन्हा निघाली. या बाईंची हजेरी मात्र अजून चालू आहे. घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती पडली, बेशुद्ध झाली, तर ते बाहेर कळायला किती तास लागतात यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. रोज सकाळी बदलणारी रांगोळी, ही त्या दृष्टीने फार स्वस्त आणि विनावीज चालणारी सूचनाघंटा आहे.

याच जिन्यांवर एक जुना वादही ऐकायला मिळतो. दाराबाहेर चपलांचे कपाट, कुंड्या, छोटा बाक ठेवायचा की नाही? सोसायटीची समिती नको म्हणते, घरवाले रागावतात. या वादात मी समितीच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी, धुराने भरलेल्या जिन्यात चपलांच्या कपाटाला अडखळून पडलेल्या माणसाला सजावटीचे कौतुक नसते. जिना आणि त्याकडे जाणारी वाट मोकळीच हवी. पण समितीने नकारावर थांबू नये. इमारतीच्या तळमजल्यावर, दुपारच्या सावलीत, पाठ टेकता येईल असा आणि हात टेकून उठता येईल असा एक बाक तिने ठेवावा. गेलेला ओटा तेवढ्यापुरता तरी परत येतो.

दाराच्या आतल्या बाजूस मात्र आपले राज्य आहे. तेथे एक मजबूत स्टूल असावे. नऊच्या गाडीने उभ्याने आलेले माणूस त्यावर बसून बूट काढते, आणि आजी-आजोबांना एका पायावर तोल सांभाळीत चप्पल घालावी लागत नाही. रांगोळी दाराच्या बरोबर मध्यात न काढता एका बाजूला काढावी. गुळगुळीत फरशीवर पसरलेली बारीक पूड पाय घसरवते. दारावरचा दिवा भरपूर उजेडाचा असावा. पायपुसण्याची कड वर आलेली नसावी. या गोष्टी सजावटीच्या चित्रांत दिसत नाहीत, पण माझ्या मते दार सजवण्याची सुरुवात यांपासूनच करावी.

ठाण्यात शिरताना पुन्हा ओटे भेटतात, ते चेंदणी कोळीवाड्यात. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हाही हा कोळीवाडा येथे होता. घरे आता पक्की झाली, वर मजले चढले, तरी संध्याकाळी दारात बसायची सवय गेलेली नाही. तेथून मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वराचे मंदिर चालत गाठता येते. जांभळी नाक्याच्या बाजारात आंब्याची पाने, कैऱ्या आणि मोगऱ्याचे गजरे एकाच टोपलीत दिसतात. नौपाड्यातल्या जुन्या बंगल्यांची अंगणे एकेक करून पुनर्विकासात गेली. त्यांच्याबरोबर त्यांचे सोनचाफेही गेले.

घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत दारासमोर कुंड्या ठेवण्याची हौस मोठी आहे. कुंडी विकणारा सांगतो, की हे रोप घरातली हवा शुद्ध करते. ही समजूत १९८९ सालच्या नासाच्या एका प्रयोगापर्यंत जाते. तो प्रयोग लहान, हवाबंद पेटीत केलेला होता. आपल्या घरात दार-खिडक्यांतून जी हवा येते-जाते, तिच्यापुढे चार कुंड्यांचा परिणाम नगण्य असतो. तेव्हा रोपे ठेवावीत ती डोळ्यांना बरे वाटते म्हणून आणि कोणीतरी रोज त्यांची विचारपूस करते म्हणून. तुळशीला काही तास तरी ऊन हवे. ऊन नसलेल्या लॉबीत ती झुरते. लहान मूल घरात असेल तर डायफेनबॅकिया दाराशी नको, त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. कण्हेर तर सर्वांगी विषारी. कुंडीखालची ताटली आणि फुले तरंगवलेले पितळी घंगाळ, दोन्हींतले पाणी स्वच्छ असते, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. घंगाळाचे पाणी रोज बदलावे, ताटली आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी.

कडुनिंबाची पाडव्याची चटणी सर्वांना ठाऊक आहे. कोवळी पाने, ओवा, मिरी, हिंग, मीठ, गूळ, थोडी चिंच. ती चमचाभरच खायची असते. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी कडुनिंबाचा रस पेला-पेला पिण्याचे प्रकार टाळावेत, आणि कडुनिंबाचे तेल तर मुलांच्या पोटात कधीच जाऊ नये.

अक्षय तृतीयेच्या दुपारी नौपाड्यातल्या एका सोसायटीत चैत्रगौरीचे हळदीकुंकू तळमजल्यावरच मांडले होते, कारण दोन बायकांना जिना चढवत नव्हता. कैरीची डाळ, कलिंगडाच्या फोडी, भिजवलेले हरभरे आणि पन्हे. कैऱ्या उकडून गर काढायचा, गराच्या दीडपट गूळ, चिमूटभर मीठ, वेलची. मधुमेह असलेल्यांसाठी गूळ अगदी नावापुरता आणि मीठ-जिरे थोडे अधिक. पहारेकरी, सामान पोहोचवायला आलेला मुलगा, सफाईवाल्या मावशी, जो फाटकातून आत येईल त्याला पेला मिळत होता. पेले स्टीलचे होते. मी विचारले, कागदी का नाहीत? वाढणाऱ्या काकू म्हणाल्या, ‘‘कागदी पेला घेऊन माणूस निघून जातो हो. स्टीलचा परत द्यायला तरी दोन मिनिटं सावलीत थांबतो.’’