परदेशात उमगलेले मताचे मोल

1996 सालच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून 456 उमेदवार रिंगणात होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधावे म्हणून सीमावासीयांनी योजलेला तो मार्ग होता. आम्ही तेव्हा नुकतीच सनद घेतलेले तरुण वकील होतो. निवडणूक झाली, सीमारेषा तसूभरही हलली नाही. उलट त्याच वर्षी कायदा बदलून सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 रुपयांवर नेण्यात आली आणि अपक्षांस 10 सूचक आणणे सक्तीचे झाले. मत देऊन मिळते तरी काय, हा प्रश्न मनात घेऊनच आम्ही त्या सप्टेंबरात पुढील अभ्यासासाठी इंग्लंडमधील लीड्स शहरी गेलो.

ऑक्टोबरात घरमालकीणबाईंनी मतदार नोंदणीचा अर्ज पुढे केला. 10 तारखेस घरात राहणाऱ्या मतदारांची नावे त्यात भरावयाची होती. "आम्ही तर भारतीय," असे आम्ही म्हणताच त्या उत्तरल्या, "भारत राष्ट्रकुलात आहे ना? मग तुमचे नाव हवेच." त्यांनी एकेक अक्षर विचारून आमचे नाव लिहिले. तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलाच्या नागरिकास संसदेच्या निवडणुकीतही मत असते. शेजारच्या खोलीतला जपानी विद्यार्थी आमच्याइतकेच भाडे भरी, त्याच विद्यापीठात शिके. त्याला मात्र मत नव्हते.

मतदानाचा दिवस निघाला 1 मे 1997. ही तारीख सीमावासीयाला कोरडेपणाने वाचता येत नाही. 1960 साली त्याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि आपण बाहेर राहिलो. आम्ही मतदान केंद्रात नाव व पत्ता सांगितला. तेव्हा तेथे ओळखपत्र मागत नसत. दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली, कागद पेटीत टाकला आणि बाहेर येऊन सवयीने डाव्या हाताची तर्जनी पाहिली. शाई नव्हती.

त्या संध्याकाळी आजी फार आठवली. ब्रिटिश अमदानीत मालमत्ता, कर वा शिक्षण यांच्या अटींमुळे मताधिकार थोड्यांनाच होता. निरक्षर आजी त्यांत बसत नव्हती. प्रौढ मताधिकार राज्यघटनेने दिला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तिने मत दिले, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. 1956 साली तिचे गाव म्हैसूर राज्यात गेले. त्यासाठी मात्र तिचे मत कोणी घेतले नाही. दोन वेळचा फरक आम्हांला परक्या गावी स्पष्ट दिसला. मताने आपण जिंकतोच असे नाही; पण ज्याला मत आहे त्याला विचारावे लागते. ज्याला विचारले जात नाही, त्याचे गाव त्याच्या नकळत हलवता येते.

1998 च्या फेब्रुवारीत पुन्हा लोकसभेसाठी मतदान झाले. आम्ही लीड्समध्येच होतो. वडिलांनी दूरध्वनीवर सांगितले, "यादीत तुझे नाव होते, पण तू नव्हतास." ज्या मताला आम्ही क्षुल्लक मानले होते, तेच न देता आल्याची बोच आजही आहे.

2011 पासून परदेशस्थ भारतीय नागरिकास नमुना 6अ भरून आपल्या गावच्या यादीत नाव नोंदवता येते. मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते. टपालाची सोय अद्याप नाही. आखातात वा युरोपात असलेल्या आपल्या मुलांना हे अवश्य कळवावे.

आपण जे गावीच आहोत, त्यांचे काम याहून सोपे आहे. मतदार यादी कोणत्या भाषेत वा भाषांत असावी, हे ठरविण्याचा अधिकार 1960 च्या मतदार नोंदणी नियमांतील चौथ्या नियमाने निवडणूक आयोगास आहे. म्हणजे मराठी यादीची मागणी ही कोणाची मेहेरबानी मागणे नव्हे. लिप्यंतरात आपली आडनावे ओळखू न येण्याइतकी बदलतात, हे आम्ही वकिलीत वारंवार पाहिले आहे. यादी उघडावी, घरातील प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचावे आणि चूक आढळल्यास नमुना 8 भरावा. लीड्सच्या त्या बाईंनी परक्या माणसाचे नाव अक्षर लावून लिहिले. आपल्या आईचे नाव तरी आपण बरोबर लिहवून घेऊ.