खारे वारे, मतलई वारे (गुण २)

यवतमाळला शाळेत भूगोलाच्या पेपरात ठरलेला प्रश्न. खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा. पाठ केला, मार्क घेतले, विसरलो. आमच्यापासून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्ही जवळपास सारखेच लांब! पाण्याशी संबंध म्हणजे मामाची विहीर.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे येत्या जानेवारीत आम्ही तिघं तीस फुटी शिडाच्या बोटीतून मुंबईहून गोव्याला निघणार होतो. 'होतो'वर नंतर येतो. बोट मित्राची, सेकंडहँड. माझा अनुभव म्हणजे एक वीकेंड कोर्स आणि अकरा फेऱ्या, सगळ्या मुंबई बंदरात, दिवसाउजेडी. जेवायला घरी.

एक्सेल शीट अर्थातच माझ्याकडे आली. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, त्यामुळे हिशोब सोपा. मुंबई १८ अंश ५५ मिनिटं, पणजी साधारण १५ अंश ३० मिनिटं. म्हणजे २०५ मैल, वळणं धरून थोडे जास्तच. ताशी ५ मैल धरले तर दोन दिवसही नाहीत. चार दिवस सुट्टी, शुक्रवारी रात्री निघायचं. (शुक्रवारी डिप्लॉय करू नये हे आपल्याला ऑफिसात कळतं, इतरत्र नाही.)

घरी फोन केला. आईने ऐकलं आणि मुकाट्याने फोन बाबांकडे दिला.

"किती दिवसाचं काम हाये?"

"चार दिवस सुट्टी आहे बाबा."

"सुट्टीचं नाही इचारून रायलो मी. समुद्राचं इचारून रायलो."

मी गप्प. माझ्या इंजिनीअरिंगच्या अ‍ॅडमिशनला बाबांना जूनमध्ये पुण्याला यायचं होतं, म्हणून पहिल्याच पावसावर त्यांनी कपाशी लावून टाकली. नंतर तीन आठवडे पाऊस गायब. दुबार पेरणी, पुन्हा बियाणं, उधारीवर. ते बाबांनी तेव्हाही बोलून दाखवलं नाही आणि फोनवरही नाही. पण मला तेच आठवलं.

त्या रात्री शीट पुन्हा उघडली. ताशी ५ मैल हा आकडा मी कुठून आणला होता? हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटतो, दक्षिणेला जायला उत्तम. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई येतो, बेताचा. आणि या दोघांच्या मध्ये काही तास कुणीच नाही, शीड नुसतं लोंबतं. परत येताना तोच वायव्येचा वारा तोंडावर. हा कॉलम शीटमध्ये नव्हताच.

कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि १९ मे २०१०ला परत आले. अशी प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. पण त्याआधी ते मॉरिशसपर्यंत जाऊन तिथून एकटे परतले होते. नौदलाच्या माणसालाही रंगीत तालीम लागली. आम्ही मात्र बंदरातून थेट गोवा.

तर गोवा रद्द. आता पहिल्या दिवशी राजपुरीची खाडी, जंजिऱ्याजवळ. ३७ मिनिटं अक्षांश, म्हणजे वळसे धरून चाळीसेक मैल. पहाटे ओहोटीबरोबर निघायचं आणि उजेडात नांगर टाकायचा. तिथे झोप काढून, सगळ्यांची तब्येत आणि वारा बघून, दुसऱ्या संध्याकाळी आठला जयगड. बरोबर साठेक मैल. ताशी ५ने गेलो तर सकाळी आठला शास्त्री नदीच्या मुखाशी, ३ने रखडलो तरी दुपारी चारला. दोन्ही वेळा उजेड! जास्त वेगात गेलो तर बाहेर थांबायचं, अंधारात खाडीत शिरायचं नाही. ही एकच रात्र. खरी भीती लाटांची नाही, मच्छीमारांच्या जाळ्यांची आहे. अंधारात ती दिसत नाहीत, पंख्यात अडकली की इंजिन बंद. पौर्णिमेजवळ चांदणं मिळेल, पण उधाणाची भरती-ओहोटीही तेव्हाच, आणि मुंबईत ती जोरात असते. चांदणं घेतलंय.

जाणार की नाही ते राजपुरीत ठरेल. तिघांपैकी एक जरी 'नको' म्हणाला तरी बोट तिथेच, आम्ही एसटीने परत. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर तिघांच्या घरी फ्रिजवर लागलाय. 'परतायची तारीख' हा कॉलम डिलीट केला. मॅनेजरला अजून सांगायचंय.

बाबांना नवा प्लॅन सांगितला. "हं," म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं. मागून आईने विचारलं, बोटीत स्वयंपाक कोण करणार? हे शीटमध्ये नव्हतं. घातलंय.